पाइप वाकवावा की जोड द्यावा?

पावसाळा आला की वस्तीत जुलाब, टायफॉइड आणि कावीळ यांचे रुग्ण वाढतात. आपण दोष पाण्याला देतो. पण पालिकेच्या टाकीतून निघालेले शुद्ध केलेले पाणीही आपल्या नळापर्यंत येताना घाण होऊ शकते. ते बहुतेक वेळा पाइपच्या जोडातून होते. म्हणून घरात नवा नळ घेताना किंवा जुनी लाइन दुरुस्त करताना वळणावर पाइप वाकवायचा की तोडून एल्बो लावायचा, हा प्रश्न फक्त प्लंबरचा नाही. तो आपल्या आरोग्याचा आहे.

जोडातून घाण आत कशी जाते?
आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. पाणी सुरू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे गळक्या जोडातून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की दाब उतरतो आणि पाइप उलटा ओढू लागतो. तो जोड गटारात असेल तर गटाराचे पाणी आत शिरते. थेट लाइनवर मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. एकाच्या मोटरमुळे शेजारच्या दहा घरांच्या नळात घाण येऊ शकते. म्हणून नियम साधा आहे : जोड जितके कमी, तितका धोका कमी, आणि गटारात एकही जोड नको.

कोणता पाइप वाकवावा?
काळा एचडीपीई पाइप गुंडाळीत मिळतो. तो न तापवता सहज वळतो. अर्ध्या इंची पाइपला हातभर तरी मोठी गोलाई द्यावी, नाहीतर तो दुमडतो. मुख्य लाइनपासून घरापर्यंत अखंड तुकडा टाकता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप स्टोव्हवर तापवून वाकवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडावी. वाकवलेल्या जागी पाइप पातळ होतो आणि पुढे तिथेच तडकतो. जळणाऱ्या पीव्हीसीचा धूर छातीलाही घातक. इथे तयार बेंड आणि योग्य सोल्युशनच वापरावे, आणि सोल्युशन वाळेपर्यंत पाणी सोडू नये.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी पाइप. तो वाकवला तर मुलामा तडकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्याला आटे पाडून एल्बोच लावावा. आट्यांवर सूत आणि सफेदा लावण्याची जुनी पद्धत आहे, पण सफेद्यात शिसे असू शकते. पिण्याच्या लाइनला टेफ्लॉन टेप वापरावी.

तांब्याचा पाइप आपल्या घरांत क्वचितच असतो. पण प्लंबिंग आणि एसीच्या कामावर जाणाऱ्या आपल्या मुलांच्या हातून तो रोज जातो. गुंडाळीत येणारा नरम तांब्याचा पाइप बेंडरने किंवा आत-बाहेर स्प्रिंग घालून वाकवता येतो. अर्ध्या इंची पाइपला साधारण ६ सेंटिमीटरची गोलाई लागते. सरळ लांबीत येणारा कडक पाइप तसाच वाकवला तर दुमडतो किंवा फाटतो. त्याला फिटिंग लावून डाख द्यावा लागतो. वाकवलेल्या वळणाचे दोन फायदे : गळण्याची जागाच नसते, आणि एल्बोपेक्षा पाणी कमी अडते, म्हणून शेवटच्या नळाला दाब बरा मिळतो. मात्र अरुंद कोपऱ्यात किंवा पुढे खोलावे लागेल अशा ठिकाणी फिटिंगच सोयीचे.

डाखातले शिसे
रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा डाख बहुधा कथील आणि शिशाचा असतो. तो पिण्याच्या पाण्याच्या पाइपला कधीही लावू नये. शिसे पाण्यात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. अमेरिकेने १९८६ साली पिण्याच्या नळकामात असा डाख वापरण्यास बंदी घातली. दुकानात 'शिसेविरहित' डाख मागून घ्यावा. हे लक्षात ठेवा : पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. डाख देणाऱ्या कामगाराने खिडकी उघडी ठेवावी आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आपण काय करावे?
• पाच-दहा घरांनी मिळून लाइन टाकावी. ती गटारातून न नेता भिंतीवरून, गटाराच्या वरून न्यावी. गटार ओलांडावेच लागले तर अखंड पाइप जाड पाइपाच्या आतून घालावा.
• जोड दिसेल अशा जागी ठेवावा. सिमेंटमध्ये पुरलेला जोड गळला तरी कळत नाही. गळक्या जोडावर रबराची पट्टी बांधून थांबू नये.
• पाणी आल्यावर पहिली बादली धुणी-भांड्यांऐवजी संडासात वापरावी. वास किंवा गढूळपणा असेल तर पालिकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.
• पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. गरोदर बाईला कावीळ झाली तर लगेच दवाखान्यात न्यावे; 'ई' प्रकारची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करण्यासाठी. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी मिळणे हा हक्क, तसे ते स्वच्छ मिळणे हाही हक्कच. पालिकेकडे त्याची मागणी करू, आणि आपल्या गल्लीतली लाइन आपण तपासू. महिला मंडळाने व तरुणांनी येत्या रविवारी वंदनेनंतर एवढे करावे : गल्लीतून एक फेरी मारावी आणि गटारातले जोड मोजून यादी करावी. ही यादीच अर्जाला जोडता येईल.

जय भीम.