मानेतली कृत्रिम चकती बिघडते तेव्हा

मानेच्या मणक्यांमधली गादी खराब झाली की काही जणांना तिथे कृत्रिम चकती बसवतात. मान वळत राहते, हा तिचा फायदा. पण जे हलतं ते झिजतंही.

ऑपरेशननंतर गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. मान सुजून श्वास अडू लागला, तर मात्र ती आणीबाणी.

नंतरचे बिघाड सावकाश येतात. चकती मणक्यात रुतते किंवा जागेवरून सरकते. कधी भोवती हाड वाढून ती जखडते. मान कमी वळते, पण दुखेलच असं नाही. झिजेच्या बारीक कणांमुळे शेजारचं हाड विरघळतं आणि चकती सैल होते. हे सुरुवातीला जाणवत नाही, म्हणून बरं वाटत असतानाही एक्स-रे काढायचा. हातातली ताकद गेली, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. थांबू नका.

आता विसरवाडीचा माणूस ऑपरेशन सुरतेला करतो, पुढे दाखवतो धुळ्याला. तिथला डॉक्टर विचारणार, चकती कोणती? म्हणून कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या. खुब्याचा ‘एएसआर’ सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला होता. ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. आपलं नाव त्या यादीत नको. स्टिकर रेशनकार्डासारखं जपा.