मांजराची पत्रिका

श्रोतेहो, मांजराची पत्रिका कोणी मांडतो का? माणसाच्या पत्रिकेत मात्र मांजर आहे! पुनर्वसू, आश्लेषा या नक्षत्रांची योनी मार्जार. मघा, पूर्वा फाल्गुनीची मूषक. म्हणून गुणमेलनात या दोहोंचे वैर धरतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गाय, कोंबडा यांची लक्षणे दिली, कुत्र्याची तर नखे मोजायला सांगितली. पण ही लक्षणे अंगावरची, जन्मवेळेची नव्हेत. आता एकाच वेताची चार पिल्ले पाहा. राशी-नक्षत्र बहुधा तेच. तरी एक दांडगे निघते, एक दगावते. गुरांचेही तसेच. बैल घेताना भोवरा पाहता, पाहा बापडे. दातही पाहता, ते अधिक बरे. घटसर्पाची लस मात्र पावसाळ्याआधी टोचून घ्यायची, तिला मुहूर्त विचारीत बसायचे नाही.