मॅकवरील विंडोज आणि व्हायरसप्रतिबंधक प्रणालीची निवड

परळ आणि दादर यांच्या दरम्यानचा हिंदमाता परिसर सखल आहे. जोराचा पाऊस झाला की तेथे पाणी साचते, ही गोष्ट मुंबईकरास नवी नाही. तेथील कापडाचा व्यापारी दुकानाच्या उंबरठ्यावर केवळ एक आडवी फळी लावून निश्चिंत होऊ शकत नाही. पाणी रस्त्यावरून येते, मोरीतून उलटे येते, की शेजारच्या गाळ्यातून झिरपते, हे त्यास आधी पाहावे लागते. आणि मोलाचा माल उंचावर ठेवावा लागतो तो वेगळाच. संगणकाच्या संरक्षणाचा विचारही वस्तुतः याच क्रमाने व्हावयास हवा. कोणती प्रणाली विकत घ्यावी हा प्रश्न नंतरचा. उपद्रव कोणत्या वाटेने येतो, हा पहिला. मॅक लॅपटॉपवर विंडोज चालविणाऱ्या अभ्यासकाच्या बाबतीत ही वाट सहसा ध्यानात येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तिचा विचार करावयाचा आहे.

मॅकवर विंडोज चालविण्याची गरज भाषाभ्यासकास का पडते, हे प्रथम पाहू. बोलींच्या शब्दसंग्रहाची व व्याकरणिक विश्लेषणाची मांडणी करण्यासाठी वापरली जाणारी 'फील्डवर्क्स' ही प्रणाली विंडोजसाठी घडविलेली आहे. मॅकवर ती सरळ चालत नाही. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या टंकप्रणालींत अक्षरबद्ध झालेला मराठी मजकूर उघडावयाचा झाल्यासही बहुधा विंडोजचाच आश्रय करावा लागतो. समजा, एखादा अभ्यासक लालबाग-परळच्या चाळींतून गिरणी कामगारांच्या बोलीची ध्वनिमुद्रणे करीत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या. कोकणातून आणि घाटावरून त्यांत कामाला आलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. त्या निवेदकांचे आवाज मॅकवर साठविलेले आणि त्यांचे विश्लेषण विंडोजवर चाललेले, अशी ही स्थिती होय. विंडोज बिघडली तर ती पुन्हा बसविता येते. मात्र निवर्तलेल्या निवेदकाचे ध्वनिमुद्रण पुन्हा करता येत नाही.

मॅकवर विंडोज दोन प्रकारे नांदते. इंटेल प्रक्रियक असलेल्या मॅकमध्ये 'बूट कॅम्प'च्या साहाय्याने तबकडीचे दोन भाग करून एका वेळी एकच प्रणाली सुरू करता येते. दुसरा प्रकार आभासी यंत्राचा. पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजन यांसारखी प्रणाली मॅकच्या आतच एक कल्पित संगणक उभा करते आणि विंडोज त्यात चालते. २०२० च्या नोव्हेंबरपासून आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या प्रक्रियकांच्या यंत्रांवर बूट कॅम्प उपलब्ध नाही. तेथे विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती आभासी यंत्रातच चालवावी लागते.

'मॅकला व्हायरस लागत नाही' या समजुतीचा येथे प्रथम निरास करणे अवश्य आहे. १९८२ मधील 'एल्क क्लोनर' हा अगदी आरंभीच्या व्हायरसांपैकी एक अॅपल २ या संगणकावरच पसरला होता, आणि २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने काही लाख मॅक ग्रासले होते. तथापि मुद्दा याहून मूलभूत आहे. मॅकची 'एक्सप्रोटेक्ट' ही अंगभूत संरक्षण-व्यवस्था मॅकसाठी लिहिलेल्या उपद्रवी प्रणाली ओळखते. आभासी यंत्राच्या पोटात चाललेल्या विंडोजवर तिचा अंमल नाही. बूट कॅम्पमध्ये तर विंडोज चालू असताना मॅकची प्रणाली सुरूच नसते. सारांश, मॅकवरील विंडोज ही सर्वार्थाने विंडोजच होय, आणि तिच्या संरक्षणाची तरतूद तिच्या आतच करावी लागते.

ही तरतूद कशी निवडावी? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' हा व्हायरसप्रतिबंधक विंडोजच्या अंगभूतच आहे. तो विनामूल्य आहे, एआरएम आवृत्तीतही मुळातूनच चालतो, आणि सर्वसाधारण अभ्यासकास पुरेसा आहे. मात्र विंडोजला नियमित सुधारणा मिळत असल्या पाहिजेत. ही अट गौण नव्हे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसृत केली होती. ती न बसविणारे सापडले. याच कारणास्तव जुन्या इंटेल मॅकधारकांनी विशेष सावध असावे. बूट कॅम्पचा अधिकृत पाठिंबा विंडोज १० पर्यंतच मर्यादित आहे, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रावर विंडोज ११ आभासी यंत्रात घेणे, अथवा जुनी विंडोज आंतरजालापासून अलग ठेवणे, हे महागडा प्रतिबंधक विकत घेण्यापेक्षा अधिक हिताचे ठरते.

विकत घ्यावयाचाच झाल्यास पर्याय पुष्कळ आहेत. या क्षेत्रात महाराष्ट्राचेही नाव आहे. कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून 'क्विक हील' ही प्रणाली उभी केली. त्यांच्या कंपनीने २००७ मध्ये तेच नाव धारण केले. निवड मात्र नावावरून न करता तीन कसोट्यांवर करावी. पहिली, माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट व इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज यांसारख्या स्वतंत्र परीक्षणसंस्थांचे निष्कर्ष. दुसरी, एआरएमची अनुकूलता. एआरएमवरील विंडोज इंटेलसाठी लिहिलेल्या सामान्य प्रणाली रूपांतर करून चालविते. परंतु गाभ्याशी संलग्न असे ड्रायव्हर तिला तसे चालविता येत नाहीत, आणि प्रतिबंधकास ते ड्रायव्हर लागतातच. तेव्हा निर्मात्याने एआरएमसाठी स्वतंत्र आवृत्ती काढली आहे की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. तिसरी कसोटी भाराची. आभासी यंत्रास मॅकच्या स्मृतीचा एक वाटाच मिळतो. त्यावर अवजड प्रतिबंधक लादल्यास विश्लेषणाचे कामच मंदावते. दोन प्रतिबंधक एकाच वेळी जागते ठेवणे तर सर्वथा टाळावे.

येथवरची चर्चा उंबरठ्यावरील फळीची झाली. मोरी निराळीच आहे, आणि ती म्हणजे सामायिक फोल्डर. पॅरलल्ससारखी प्रणाली सोयीसाठी मॅकवरील दस्तऐवजांचे फोल्डर विंडोजला खुले करून देते. ही सोय असताना विंडोजमध्ये शिरलेल्या खंडणीखोर प्रणालीस मॅकची संरक्षक भिंत भेदावीच लागत नाही. उघड्या दारातून ती मॅकवरील धारिका सांकेतिक लिपीत कुलूपबंद करू शकते. मॅकच्या दृष्टीने हे काम विश्वासू पॅरलल्सच करीत असते. आभासी यंत्राची पूर्वस्थिती 'स्नॅपशॉट'ने परत आणता येते खरी, परंतु सामायिक फोल्डर त्या यंत्राच्या बाहेर असल्यामुळे त्यातील धारिका तीमुळे परत मिळत नाहीत. यास्तव सर्व फोल्डरांची सामायिकता बंद करून देवघेवीपुरता एकच रिकामा फोल्डर खुला ठेवावा. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह तपासल्यावाचून उघडू नये, आणि फुकट मिळविलेल्या चोरट्या प्रणालीसाठी प्रतिबंधक क्षणभरही बंद करू नये.

एवढे करूनही भय सर्वस्वी टळत नाही. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या' हा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबप्रणालीच्या अधिकृत सुधारणेतून, म्हणजे विश्वासाच्या वाटेनेच, पसरला. त्याची झळ मुंबईलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोचली आणि तेथील मालवाहतूक खोळंबली. त्याने कुलूपबंद केलेली माहिती खंडणी देऊनही परत मिळण्याजोगी नव्हती. म्हणून मोलाचा माल उंचावर ठेवण्याचा नियम येथेही लागू पडतो. ध्वनिमुद्रणांच्या निदान दोन प्रती असाव्यात, आणि त्यांतील एक प्रत काम संपताच यंत्रापासून विलग होणाऱ्या तबकडीवर असावी. सतत जोडलेली तबकडी ही प्रत नव्हे, तो त्याच गाळ्यातील दुसरा कप्पा होय.

निवडलेला प्रतिबंधक जागा आहे की नाही, हे पाहण्याची निरुपद्रवी रीत उपलब्ध आहे. 'आयकार' या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक परीक्षा-धारिका याच हेतूने तयार केलेली आहे. ती प्रथम विंडोजमध्ये आणि मग सामायिक फोल्डरात ठेवून पाहावी. दोन्ही ठिकाणी प्रतिबंधकाने तिला हटकले, तर त्याची नजर कोठवर पोचते ते कळते.

तात्पर्य, अद्ययावत विंडोज, तिचा अंगभूत डिफेंडर, अरुंद केलेली सामायिकता आणि विलग ठेवलेली प्रत या चार गोष्टी असतील, तर विकतचा प्रतिबंधक ही ऐच्छिक बाब ठरते. त्या नसतील, तर कोणताही प्रतिबंधक पुरा पडत नाही. निवेदकाने आपला आवाज अभ्यासकाच्या स्वाधीन केलेला असतो. तो जतन करणे हाही संशोधनपद्धतीचाच भाग आहे, याचे भान विभागातील प्रत्येक अभ्यासकाने ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसापासून ठेवावे.