गॅडोलिनियम ते मँगनीज : पीटर कॅराव्हन यांच्या संशोधनाचा मागोवा

रसायनशास्त्रज्ञ पीटर कॅराव्हन यांच्या संशोधनाचा हिशेब इस्पितळांपर्यंत पोहोचलेल्या औषधांच्या संख्येने मांडला, तर तो फार मोठा भरत नाही. ज्या एमएस-३२५ या रेणूच्या उभारणीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, तो युरोपात आणि अमेरिकेत मान्यता मिळवूनही बाजारात टिकला नाही. रक्ताची गुठळी शोधणारा ईपी-२१०४आर माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तरीही एमआरआयची प्रतिमा उजळवणाऱ्या कॉन्ट्रास्ट द्रव्यांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही. या द्रव्यांच्या रसायनशास्त्रात रेणू येतात आणि जातात. रेणू कसा वागतो, का वागतो याचे काटेकोर मोजमाप मात्र पुढच्या रेणूला उपयोगी पडते. कॅराव्हन यांनी हे मोजमाप कधी सोडले नाही. म्हणूनच या क्षेत्राचे उद्दिष्ट मध्येच बदलले तेव्हा त्यांना दिशा बदलता आली, आणि त्यांच्या कामाचे मोल विकल्या गेलेल्या बाटल्यांपेक्षा या बदलात अधिक नेमके दिसते.

हा बदल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या प्रोटॉनांचे संकेत टिपते. १९७३ मध्ये या तंत्राची पहिली प्रतिमा प्रसिद्ध करणारे पॉल लॉटरबर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, आणि १९७८ मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसह मँगनीजचे क्षार वापरून ऊतींमधल्या पाण्याचे शिथिलीकरण वेगवान होते हे प्राण्यांवर दाखवले. अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला धातू पाण्याजवळ आला की प्रोटॉन लवकर मूळपदावर येतात आणि तो भाग प्रतिमेत उजळतो. असे सात इलेक्ट्रॉन बाळगणारा गॅडोलिनियम या कामाला सर्वांत योग्य ठरला. अडचण एवढीच की मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो; त्याच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या जवळपास असल्याने शरीरात तो नको तिथे हस्तक्षेप करतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या, म्हणजे लिगँडच्या, पकडीत ठेवून टोचावे लागते. बर्लिनच्या शेरिंग कंपनीचे मॅग्नेव्हिस्ट १९८८ मध्ये आले, फ्रान्समध्ये गेर्बे कंपनीचे डोटारेम १९८९ मध्ये. नेहमीचा डोस दर किलो वजनामागे ०.१ मिलिमोल. सत्तर किलोच्या माणसाच्या शिरेत त्यामुळे एक ग्रॅमहून थोडा अधिक गॅडोलिनियम जातो. औषधांच्या जगात ही मात्रा मोठी आहे, आणि पुढचे बरेचसे प्रश्न तिच्यातूनच उद्भवले.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात क्रिस ऑर्विग यांच्याकडे डॉक्टरेट करून कॅराव्हन लोझानला आंद्रे मेरबाख यांच्या प्रयोगशाळेत गेले. धातूला चिकटलेला पाण्याचा रेणू तिथे किती काळ राहतो आणि बाहेरच्या पाण्याशी जागा कधी बदलतो, हे मोजण्यात त्या प्रयोगशाळेचा हातखंडा होता. कॉन्ट्रास्ट द्रव्याचे सारे कार्य या अदलाबदलीवर चालते : एकच पाणी धातूला चिकटून बसले तर बाकीच्या पाण्यापर्यंत परिणाम पोहोचत नाही. हे प्रशिक्षण घेऊन १९९८ मध्ये ते रँडल लॉफर यांनी बॉस्टनजवळ स्थापन केलेल्या एपिक्स कंपनीत दाखल झाले. लॉफर यांची कल्पना अशी होती की छोटा गॅडोलिनियम रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला तात्पुरता चिकटला, तर तो रक्तातच रेंगाळेल आणि त्याचे गरगर फिरणे मंदावल्यामुळे त्याची उजळण्याची क्षमता, म्हणजे रिलॅक्सिव्हिटी, कमी चुंबकीय क्षेत्रात कित्येक पटींनी वाढेल. एमएस-३२५ हा त्या कल्पनेचा रेणू. तो अल्ब्युमिनला कसा धरतो आणि त्यामुळे शिथिलीकरणावर काय परिणाम होतो, याचा तपशील कॅराव्हन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडला. त्याआधी, १९९९ मध्ये, एलिसन, मॅकमरी आणि लॉफर यांच्यासह त्यांनी ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये लिहिलेला गॅडोलिनियम किलेटांवरचा, म्हणजे लिगँडच्या पकडीतल्या गॅडोलिनियमवरचा, विस्तृत लेख या विषयात शिरणाऱ्यांसाठी पायाभूत ग्रंथासारखा ठरला. उजळपणाचे श्रेय फिरण्याच्या वेगाला किती, पाण्याच्या अदलाबदलीला किती, धातूला चिकटलेल्या पाण्यांच्या संख्येला किती, हे त्या लेखामुळे एका जागी सापडू लागले.

एमएस-३२५ला २००५ मध्ये युरोपात आणि २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डोस दर किलोमागे ०.०३ मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तरीही तो रुजला नाही. याचे खापर निव्वळ बाजारावर फोडणे सोपे आहे, पण भौतिकशास्त्राचाही त्यात वाटा होता. संथ फिरणाऱ्या रेणूचा लाभ कमी चुंबकीय क्षेत्रात मोठा असतो; इस्पितळे जसजशी १.५ आणि पुढे ३ टेस्लाच्या यंत्रांकडे वळत गेली, तसा तो आकसत गेला. ज्या समीकरणांनी हा रेणू घडवला, त्याच समीकरणांनी त्याची मर्यादाही दाखवली. जास्त क्षेत्रात अतिसंथ रेणूपेक्षा मध्यम गतीने फिरणारा रेणू चांगला ठरतो, हा निष्कर्ष कॅराव्हन यांच्या नंतरच्या लेखनात वारंवार येतो. दुसरी मर्यादा संवेदनक्षमतेची. पेशींवरचे बहुतेक ग्राहक (रिसेप्टर) इतके विरळ असतात की त्यांना चिकटलेला गॅडोलिनियम एमआरआयला दिसतच नाही. तेव्हा शरीरात मुळातच विपुल असलेले लक्ष्य निवडणे हाच व्यवहार्य मार्ग. गुठळीतले फायब्रिन आणि व्रणाच्या ऊतीतले कोलॅजन ही अशी दोन प्रथिने. ईपी-२१०४आरमध्ये फायब्रिनला धरणाऱ्या छोट्या पेप्टाइडवर चार गॅडोलिनियम किलेट बसवले होते. ईपी-३५३३मध्ये कोलॅजनला धरणाऱ्या पेप्टाइडवर तीन. २००७ मध्ये कॅराव्हन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेले आणि २००९ मध्ये एपिक्स बंद पडली. रेणू अडकले, पण लक्ष्य निवडण्याचा विचार प्रयोगशाळेसोबत राहिला.

दरम्यान या क्षेत्राच्या पायाखालची जमीन सरकली. २००६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रोबनर आणि डेन्मार्कमधील मार्कमान यांच्या गटांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांमधल्या, त्वचा व सांधे ताठरवणाऱ्या एका गंभीर आजाराचा गॅडोलिनियमशी संबंध दाखवला. आज कॉन्ट्रास्टसह एमआरआय करण्यापूर्वी आपल्याकडेही रुग्णाला क्रिएटिनिनचा रिपोर्ट विचारतात, त्यामागे हीच घटना आहे. २०१४ मध्ये जपानच्या कांडा आणि सहकाऱ्यांनी वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूतील विशिष्ट भाग कॉन्ट्रास्ट न देताही उजळ दिसतात हे नोंदवले; २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने बहुतेक रेषीय, म्हणजे धातूला वलयात न कोंडणाऱ्या, द्रव्यांची मान्यता स्थगित केली. मूत्रपिंडे ठीक असलेल्यांना मेंदूत उरलेल्या गॅडोलिनियमच्या अंशामुळे थेट अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकी नियामकाने त्याच वर्षी म्हटले, हेही नोंदवायला हवे. या प्रकरणावर टीकाकारांचा आक्षेप असा की उजळपणाच्या मागे लागलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी सुरक्षिततेकडे पाठ फिरवली. आक्षेप अर्धा खरा आहे. धातू आणि लिगँडची गाठ किती घट्ट आहे आणि ती सुटायला किती वेळ लागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेषीय डीटीपीए आणि डोटा या दोन्ही लिगँडांची घट्टपणाची आकडेवारी प्रचंड मोठी, पण पोकळीत धातू कोंडणारा वलयाकृती डोटा तो सोडायला कितीतरी अधिक वेळ घेतो. ट्वीडल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच उंदरांवर दाखवले होते की शरीरात मागे उरणाऱ्या गॅडोलिनियमचे प्रमाण या सुटण्याच्या वेगाशी जुळते. ज्ञान होते, त्याला प्राधान्य मात्र मिळाले नाही. कॅराव्हन यांच्या स्वतःच्या कामातही हा क्रम दिसतो : ईपी-३५३३मध्ये रेषीय किलेट होते आणि त्यातून हाडांत गॅडोलिनियम साचत होता. पुढच्या सीएम-१०१ या कोलॅजन-शोधकात ते वलयाकृती करण्यात आले आणि साचण्याचे प्रमाण बरेच घटले. कोलॅजन धरण्याची युक्ती तीच राहिली. धातूची गाठ मात्र बदलली.

इथून पुढचे पाऊल गॅडोलिनियमच टाळण्याचे होते. २०१५ मध्ये एरिक गेल, कॅराव्हन आणि सहकाऱ्यांनी मँगनीज-पायसी३ए हा रेणू मांडला. मँगनीजकडे पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन आहेत आणि तो शरीराला अल्प प्रमाणात लागणारा धातू आहे. अंशमात्र सुटला तर त्याला हाताळणाऱ्या यंत्रणा शरीरात आधीपासून आहेत. यावरचा आक्षेप रास्त आहे : मँगनीजही जादा झाला तर मेंदूला इजा करतो, आणि या रेणूच्या घट्टपणाचा आकडा कागदावर गॅडोलिनियमच्या द्रव्यांपेक्षा कितीतरी लहान आहे. पण वर सांगितलेला धडा इथेही लागू होतो. एका आकड्यावर विसंबून न राहता रेणू किती वेळ टिकतो, मूत्रपिंड आणि यकृत अशा दोन वाटांनी किती लवकर बाहेर जातो, तो जाताना अखंड असतो का, हे तपासावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बबून माकडांवरच्या अभ्यासात त्याने रक्तवाहिन्यांच्या प्रतिमांत मॅग्नेव्हिस्टच्या तोडीचा उजळपणा दिला. पुढे हे संयुग आरव्हीपी-००१ या नावाने मानवी चाचण्यांत पोहोचले. १९७८ मध्ये लॉटरबर यांनी ज्या धातूपासून सुरुवात केली होती, त्याकडे हे क्षेत्र परतले. मधल्या काळात त्याला सुरक्षितपणे बांधण्याचे रसायनशास्त्र शिकून झाले होते.

यावर दोन प्रश्न उरतात. पहिला असा : २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले गॅडोपिक्लेनॉल वलयाकृती पकडीत दोन पाणी-रेणू सांभाळते आणि नेहमीच्या निम्म्या डोसात तेवढाच परिणाम देते, मग मँगनीजची गरज काय? गॅडोपिक्लेनॉल हे त्याच समीकरणांचे सुंदर फळ आहे, यात वाद नाही. पण निम्मा गॅडोलिनियम म्हणजे शून्य गॅडोलिनियम नव्हे. रुग्णांच्या लघवीतून गेलेला हा धातू जर्मनीतल्या नद्यांत आढळल्याचे १९९६ मध्येच नोंदवले गेले आहे. मुलांना किंवा वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासणी लागणाऱ्यांना दुसरा पर्याय असणे म्हणूनच उपयुक्त. दुसरा प्रश्न श्रेयाचा : लॉफर, मॅकमरी, गेल आणि इतर अनेकांनी मिळून केलेले हे काम एका माणसाच्या खात्यावर का मांडायचे? तसे मांडूही नये. मात्र कंपनी ते इस्पितळ, गॅडोलिनियम ते मँगनीज, एमआरआय ते पेट स्कॅन अशा सगळ्या वळणांतून एकच पद्धत कशी टिकली, हे पाहण्यासाठी एका व्यक्तीची वाटचाल सोयीची पडते.

पेट स्कॅनचा उल्लेख सहज केलेला नाही, कारण रेणूचे भाग एका साधनातून दुसऱ्यात कसे जातात याचा तो उत्तम पुरावा आहे. फायब्रिनला धरणाऱ्या पेप्टाइडला गॅडोलिनियमऐवजी किरणोत्सर्गी तांबे जोडले गेले, कोलॅजनच्या पेप्टाइडला गॅलियम. दोन्ही द्रव्ये माणसांत वापरून पाहिली गेली, दुसरे फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये. पेट स्कॅनला लागणारी मात्रा इतकी सूक्ष्म की एमआरआयला छळणारा मात्रेचा प्रश्न तिथे उरतच नाही. ज्या पेप्टाइडांनी औषध म्हणून अपेक्षा पुरवल्या नाहीत, ती दुसऱ्या साधनात कामाला आली. हे समाधान करून घेण्यासाठी रचलेले स्पष्टीकरण आहे, असे कोणी म्हणेल. औषध न मिळालेल्या रुग्णाला ज्ञानाचा काय उपयोग? त्या एका रुग्णाला काहीच नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु कोणते द्रव्य धातू लवकर सोडते, कोणत्या लक्ष्यावर मात्रा वाया जाते, कोणत्या क्षेत्रात कोणता रेणू फिका पडतो, हे आधीच ठाऊक असल्यामुळे पुढच्या रुग्णाला धोकादायक किंवा निरुपयोगी रेणू टोचला जाण्याची शक्यता घटते. मँगनीजचे द्रव्य मान्यता मिळवो वा न मिळवो, त्याचे अपयशही का आले ते मोजून सांगता येईल, इतके भान या संशोधनाने क्षेत्राला दिले आहे. कॅराव्हन यांच्या कामाचे मूल्यमापन याच निकषावर व्हायला हवे.