दापोडीची वनस्पतिचित्रे आणि त्यांचा अनामिक चित्रकार

वनस्पतिचित्रण ही कला व शास्त्र यांच्या सीमारेषेवरील विद्या होय. वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग उडतो व पाकळ्यांची मूळ ठेवण दबून जाते. चित्रात मात्र हे दोन्ही टिकते. शिवाय फुलाचा छेद, पुंकेसर, बीजकोश हे स्वतंत्रपणे दाखविता येते. म्हणूनच अशा चित्रास शास्त्रीय पुराव्याचे मोल असते.

महाराष्ट्रातील या परंपरेचा विचार करताना पुण्यानजीकच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. इंग्रजी कागदपत्रांत हे स्थळ ‘दापुरी’ म्हणून येते. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८२८ मध्ये हे उद्यान अस्तित्वात आले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून उद्यानातील वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. त्यांत देशी वनस्पतींबरोबर परदेशातून आणलेल्याही आहेत. त्यामुळे आज अस्तित्वात नसलेल्या त्या उद्यानाची ही एक प्रकारे जिवंत नोंदवहीच आहे. हा संग्रह एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये असून हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

डाल्झेल यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) या ग्रंथावर गिब्सन यांचे नाव आहे. चित्रकाराचे नाव मात्र उपलब्ध नाही. त्याचे चरित्र म्हणून जे काही उरले, ते ही चित्रेच.

ही उपेक्षा त्या काळी अटळ होती, असे म्हणता येत नाही. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रंगय्या व गोविंदू यांनी चित्रे काढली. त्यांची नावे ज्ञात आहेत. इतकेच नव्हे, तर वाइट यांनी १८५३ मध्ये आमरांच्या, म्हणजे ऑर्किडच्या, एका प्रजातीस ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. वर्गीकरणशास्त्रानुसार ती प्रजाती पुढे ‘ट्रॉपिडिया’त समाविष्ट झाली, हा भाग वेगळा, चित्रकाराचे ऋण लेखी मान्य झाले, हे महत्त्वाचे.

महाविद्यालयीन अध्यापनात या प्रश्नाला व्यावहारिक बाजू आहे. नवरात्राच्या सुमारास होटगीच्या माळावर फुललेला तरवड विद्यार्थी प्रात्यक्षिक वहीत रेखाटतो, तेव्हा त्या आकृतीखाली वनस्पतीच्या नावासोबत स्थळ, दिनांक आणि रेखाटणाऱ्याचे नाव असावयास हवे. छायाचित्रण सुलभ झालेल्या काळातही अशी आकृती संदर्भासाठी वापरता येते. मात्र ती कोणी, कोठे व केव्हा काढली हे ठाऊक असले तरच.