मतदार बदलले की राजकारण बदलते : गोव्याचे उदाहरण

निकालानंतर आपण नेत्यांची आणि पक्षांची चर्चा करतो. मतदार यादीत कोण आले, कोण गेले, हे मात्र क्वचितच पाहतो. त्यासाठी गोव्याकडे बघावे.

1963 च्या पहिल्या निवडणुकीत बहुजन समाज महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे उभा राहिला आणि कॅथलिक मतदार मुख्यतः युनायटेड गोवन्स पक्षामागे. मगोपची सत्ता 1979 पर्यंत टिकली. 1980 मध्ये त्याच्या 30 पैकी 7 जागा आल्या, 2022 मध्ये 40 पैकी 2.

यामागे तीन बदल दिसतात.

पहिला, पिढीचा. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरण 34,021 मतांनी फेटाळले गेले. कूळ कायदे झाले, गावोगावी शाळा निघाल्या. ज्यांनी हा लढा पाहिलाच नाही, त्या मुलांना नोकरी आणि रस्ते जास्त महत्त्वाचे वाटू लागले.

दुसरा, येणाऱ्यांचा. बंदर, बांधकाम आणि पर्यटन यांमुळे कर्नाटक, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे आली. मुक्तीच्या सुमारास सुमारे सहा लाख असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 14.58 लाख झाली.

तिसरा, जाणाऱ्यांचा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतातील मताचा हक्क संपतो. स्थलांतर, लहान कुटुंबे आणि बाहेरून आलेली वस्ती यांमुळे ख्रिस्ती समाजाचे प्रमाण 2011 मध्ये सुमारे 25 टक्क्यांवर आले.

तरीही जनगणनेवरून निकाल सांगता येत नाही. 2012 मध्ये भाजपला 21 जागा मिळाल्या, त्यांत कॅथलिक आमदारही होते. दुसरीकडे, 'मूळ गोंयकार कोण' या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या रिव्होल्युशनरी गोवन्सने 2022 मध्ये एक जागा जिंकली. लोकसंख्या बदलली की नवे प्रश्न उभे राहतात. त्यांना उत्तर कोण देतो, यावर मते ठरतात.

गोव्यातील मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतच मतदार असतात. तिथे शे-दोनशे नावेही निकाल फिरवू शकतात. आपण कुठेही राहत असलो तरी यातून घेण्यासारखे एवढे : घरातील 18 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी अर्ज क्रमांक 6 आणि पत्ता बदलला असल्यास अर्ज क्रमांक 8 वेळेत भरावा. यादीत नाव नसेल, तर आपल्या समाजाची संख्या कितीही असो, मतपेटीत ती दिसत नाही.