मागून येणाऱ्या मुलींसाठी

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आपणा वैद्यक व्यावसायिकांना नवे नाहीत. वसतिगृहातील आठवणी निघतात, दिवंगत गुरुजनांचे स्मरण होते, सहभोजन होते आणि पुढील वर्षी पुन्हा भेटण्याचे आश्वासन देऊन सर्वजण आपापल्या गावी परततात. यात गैर काहीच नाही. परंतु माजी विद्यार्थिनींच्या एका मेळाव्यातून शिक्षणाच्या इतिहासाला वळण देणारे कार्य उभे राहिले, आणि त्या कार्याचा प्रारंभ एका डॉक्टरांच्या मताला उत्तर देण्याने झाला. म्हणूनच ती हकिगत आपल्या स्मरणिकेत सांगणे मला अगत्याचे वाटते.

1873 साली डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे ‘सेक्स इन एज्युकेशन’ हे पुस्तक बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाले. क्लार्क हे हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात अध्यापन केलेले प्रतिष्ठित चिकित्सक होते. शरीराची शक्ती मर्यादित असते. वयात येणाऱ्या मुलीने मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला, तर ती शक्ती मेंदूकडे वळते आणि प्रजननसंस्थेची वाढ खुंटते, असा त्यांचा सिद्धांत होता. आधाराला स्वतःच्या व्यवसायातील मोजक्या रुग्णांच्या कहाण्या होत्या. तरीही पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मुलीला महाविद्यालयात धाडण्यास कचरणाऱ्या पालकांना हवा असलेला आधार डॉक्टरांच्या सहीनिशी मिळाला होता.

पहिले सबळ उत्तर एका स्त्री-डॉक्टरनेच दिले. मेरी पटनम जाकोबी यांनी स्त्रियांकडून माहिती गोळा करून मासिक पाळीच्या काळातील विश्रांतीच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि 1876 साली त्याला हार्वर्डचेच बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. या जाकोबी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या 1864 सालच्या पदवीधर. आपल्या आनंदीबाई जोशी पुढे 1886 साली डॉक्टर झाल्या त्या याच संस्थेतून.

मात्र एकटीच्या प्रबंधाने समाजाचे मत पालटत नाही. 28 नोव्हेंबर 1881 रोजी बॉस्टनमध्ये आठ महाविद्यालयांच्या सतरा पदवीधर स्त्रिया एकत्र जमल्या. पुढाकार होता मॅरियन टॅलबट आणि एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांचा. रिचर्ड्स या मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पाण्याच्या शुद्धतेवरील त्यांचे रासायनिक संशोधन सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. 1882 च्या जानेवारीत ‘असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अ‍ॅल्युम्नी’ ही संघटना रीतसर स्थापन झाली.

संघटनेने आरंभीच हाती घेतलेल्या कामांत एक होते आरोग्याच्या पाहणीचे. पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली धाडण्यात आली. 1290 जणींपैकी 705 जणींनी उत्तरे दिली, त्यांची आकडेवारी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या श्रमसांख्यिकी विभागाने तयार केली आणि 1885 साली ती प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे 78 टक्के स्त्रियांची प्रकृती उत्तम वा चांगली होती. महाविद्यालयीन काळात सुमारे एकपंचमांश जणींची प्रकृती खालावली होती, तर जवळजवळ तितक्याच जणींची सुधारली होती. उरलेल्यांत फरक पडला नव्हता. ही माहिती ज्याची त्याने स्वतःविषयी दिलेली आहे आणि उत्तर न पाठविणाऱ्यांचे काय, असा प्रश्न आजचा संशोधक विचारील आणि तो रास्तच ठरेल. परंतु एका बाजूला दवाखान्यातील मूठभर कहाण्या आणि दुसऱ्या बाजूला सातशेपाच स्त्रियांची एकत्रित माहिती, यांत शास्त्राच्या अधिक जवळचे कोण होते, हे सांगावयास नको.

अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या. 1887 च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. क्षय शिकलेल्या-न शिकलेल्या साऱ्यांनाच गाठत होता. तरीही शिक्षणाला बोल लावू पाहणाऱ्यांना असे एखादे उदाहरण पुरते. एका मृत्यूवरून सिद्धांत उभारू नये, हे शिकवण्यासाठीच संख्याशास्त्र लागते.

टीकेला उत्तर देऊन या स्त्रिया थांबल्या नाहीत. दार उघडले तरी आत जाण्यास पैसा लागतो, हे त्या जाणून होत्या. 1888 साली संघटनेने पहिली अभ्यासवृत्ती दिली. रक्कम होती 350 डॉलर आणि मानकरी होत्या आयडा स्ट्रीट. पुढे परदेशी अभ्यासासाठीही वृत्ती सुरू झाल्या. 1917 पासून अन्य देशांतील स्त्रियांनाही त्या मिळू लागल्या. महाविद्यालयांना मान्यता देताना तेथील अध्यापनाचा दर्जा आणि स्त्री-अध्यापकांना मिळणारे स्थान पाहिले जाई. शिक्षण सुटलेल्या गृहिणींचाही विसर पडला नव्हता. घरी राहून पत्राद्वारे शिकणाऱ्या स्त्रियांसाठी बॉस्टनमध्ये 1873 पासून एक संस्था काम करीत होती. तिच्या विज्ञान विभागाची धुरा रिचर्ड्स यांनीच वाहिली होती.

1921 साली दक्षिणेकडील अशाच संघटनेशी विलीनीकरण होऊन ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून मादाम क्यूरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. त्याची किंमत तेव्हा सुमारे एक लाख डॉलर होती आणि त्या निधीत या पदवीधर स्त्रियांचाही वाटा होता.

या कार्याचा एक धागा आपल्या माळव्यापर्यंत येतो. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांचा जन्म 1911 साली इंदूरचा. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवूनही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या मागे हटल्या नाहीत; 1933 साली अटींवर का होईना, त्यांनी प्रवेश मिळवलाच. पुढे केंब्रिजला वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून 1939 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. केंब्रिजच्या वास्तव्यात अमेरिकन विद्यापीठीय स्त्रियांच्या संघटनेची प्रवासवृत्ती त्यांना मिळाल्याची नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. इंदुरात जन्मलेल्या मुलीला बळ देणाऱ्या त्या सभासदांनी इंदूरचे नावही कदाचित ऐकले नसेल.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. 1946 साली वॉशिंग्टनच्या शाखेने मेरी चर्च टेरेल या कृष्णवर्णीय विदुषीला सभासदत्व नाकारले. तीन वर्षांच्या वादानंतर, 1949 साली, वर्णावरून भेद करता येणार नाही असे राष्ट्रीय अधिवेशनाने ठरविले. आपल्यासाठी दार ठोठावणारेही दुसऱ्यासाठी ते लावून घेऊ शकतात, हे त्यांनाही शिकावे लागले.

आता थोडे आपल्याविषयी. दवाखान्यात मुलीला घेऊन आलेली आई तपासणी आटोपल्यावर हळूच विचारते, “डॉक्टरसाहेब, हिची तब्येत तशी नाजूकच. बाहेरगावी शिकायला धाडावी का?” हा प्रश्न आपणांपैकी कित्येकांना परिचित असेल. घरात दोन मते असतात आणि आपला शब्द निर्णायक ठरतो. क्लार्क यांचाही ठरला होता. रक्तक्षय असेल तर त्यावर उपचार करावा, पाळीचा त्रास असेल तर तो दूर करावा. परंतु आजाराच्या निमित्ताने मुलीचे शिक्षण थांबविण्याचा सल्ला आपल्या मुखातून जाऊ नये.

आणि पुढील मेळाव्यात, छायाचित्र काढून झाल्यावर, एखाद्या गरजू विद्यार्थिनीचे वसतिगृहाचे शुल्क व पुस्तकांचा खर्च आपण वाटून घेऊ शकतो का, एवढे अवश्य बोलावे. आरंभी त्या सतराच होत्या. आपण तर त्याहून पुष्कळ अधिक आहोत.